तापमान सेन्सरचा कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

वाघोलीच्या खाणीवर एक्स्कॅव्हेटरच्या पडद्यावर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) तापमानाचा बिघाड-कोड दिसला की नवा सेन्सर मागवण्याची घाई होते. माझी कळकळीची विनंती आहे की त्याआधी मल्टिमीटर हाती घ्या. हे सेन्सर बहुधा तापमान वाढले की रोध कमी होणारे असतात आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा नियंत्रक संगणक, त्यांना आतल्या रोधकातून 5 व्होल्ट पुरवते. त्यामुळे तार तुटली तर सिग्नल 5 व्होल्टजवळ जाऊन एफएमआय (कोडमधला बिघाडाचा प्रकार सांगणारा क्रमांक) 3 नोंदवला जातो, आणि तीच तार बॉडीला लागली तर सिग्नल शून्याजवळ येऊन एफएमआय 4 मिळतो.

एफएमआय 4 असेल तर इंजिन बंद व चावी चालू ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढा. कोड बदलून 3 झाला तर वायरिंग ठीक असून सेन्सर आतून शॉर्ट आहे. 4 तसाच राहिला तर हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, तपासायला हवा. मुळातच एफएमआय 3 असेल, तर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पिना पाहून हार्नेसकडची सिग्नल आणि ग्राउंडची पिन जंपरने (छोट्या जोडतारेने) जोडा. कोड 4 झाला की वायरिंग निर्दोष ठरते.

कनेक्टरमध्ये टेस्टरचे जाड टोक मात्र खुपसू नका, कारण सैल झालेली पिन पुढे अधूनमधून तुटणारा संपर्क देते आणि तो दोष सापडणे फार कठीण असते. पावसाळ्यात, विशेषतः प्रेशरने मशीन धुतल्यावर, पिनांवर हिरवट थर आणि फाटलेले रबरी सील आवर्जून शोधा. शेवटी इंजिनच्या कडांवर हार्नेस जिथे घासतो, तिथे तो हलवत रीडिंग पाहा.