इंटर्नशिपला बडोद्यात येतोयस? मग सुरुवात इथून कर

पहिली चूक सगळेच करतात: गावातली चित्रं-म्युझियमं सगळी एका रविवारी उरकायची. तसं करू नकोस. मे महिन्यात दुपारी बाहेर फिरणं म्हणजे शिक्षाच, त्यामुळे सकाळी एकच ठिकाण घे.

सुरुवातीला एवढंच पुरे:

- रावपुऱ्यातला तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकातली भित्तिचित्रं, तीही मराठी दिवाणाच्या घरात. पुराणकथा आहेत, इंग्रज-मराठा लढाई आहे. स्केचबुक ने, एकाच भिंतीपाशी बस. कडेची नक्षी आणि माणसांचे पोशाख बघ, डिझाइनवाल्याला तिथेच खरा खजिना मिळतो.
- कीर्ती मंदिर, म्हणजे गायकवाड राजघराण्याचं स्मारक. नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं. तांबेकर वाड्यानंतरच बघ, फरक आपोआप कळेल.
- फतेहसिंह म्युझियम. राजा रविवर्मांची मूळ चित्रं. सोमवारी बंद असतं.

कमाटीबागेतलं म्युझियम नंतर कधीही.

दुसरी चूक म्हणजे फोटो काढत सुटणं. आणि तिसरी, लाजणं! इथल्या सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासूनची, त्यामुळे गावात चित्रकार भरपूर. ऑफिसात विचार, कोणी ना कोणी तिथे शिकलेलं निघेलच. त्यांच्यासोबत एखाद्याच्या स्टुडिओत जा, पण आधी फोन करून.

समकालीन कलेचे वाद, बाजारभाव वगैरे आत्ता राहू देत.