घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकली तर पेट्रोल वाचतं का? इंजिनालाही आराम मिळतो म्हणतात, ते खरं का? आणि सर्व्हिसिंग किती किलोमीटरला करावं?

वाचत नाही. कोणी सांगितलं तुम्हाला? आमच्या भावजींनी सांगितलं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

आमचं घर देवरुखजवळ, बहीण कोल्हापूरला दिलेली. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या दोन दिवस आधी मी कोल्हापुरातलं काम उरकून त्यांच्याच गाडीतून घरी येत होतो. ताई, दोन भाचे, डिकीत मखराचं सामान, नारळाचं पोतं, वर पेढ्यांचे बॉक्स. गाडी भावजी चालवत होते. आंबा गाव मागे पडलं, उतार लागला आणि त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली. मी म्हटलं, "भावजी, तिसऱ्यात ठेवा." तर म्हणाले, "उतारावर फुकट पेट्रोल कशाला जाळायचं? वीस वर्षं अशीच उतरवतोय." जावई माणूस, मी गप्प बसलो. ती माझी चूक.

भुरभुर पाऊस, धुकं, त्यामुळे ब्रेकवर पाय सततचा. सहा-सात वळणांनंतर करपल्यासारखा वास यायला लागला. ताई म्हणाली, कुठल्यातरी ट्रकचा असेल. पुढे ट्रकच नव्हता. पुढच्या वळणाला खालून एसटी वर चढत होती. भावजींनी ब्रेक दाबला आणि त्यांचा पाय पेडलसकट खाली बुडाला. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. मी हँडब्रेकचं बटण दाबून धरलं आणि दांडा थोडा-थोडा ओढत ओरडलो, "दुसरा टाका!" इंजिन केकाटलं, पण वेग मोडला. एसटी निसटली आणि आम्ही डोंगराच्या अंगाच्या गटारात. डावा आरसा गेला, फेंडर चेपला. माणसं धड होती. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता. मोठा भाचा बाटलीतलं पाणी ओतायला निघाला, त्याचा हात धरला. लाल तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी होऊ शकते. पाऊण तास तसेच बसून राहिलो.

साखरप्याला मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण काढलं. "ह्याला ऑइल म्हणायचं की कोरा चहा? कधी बदललंत?" भावजी म्हणाले, "ते बदलतात?"

बदलतात. हे ऑइल हवेतली ओल पितं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा म्हणजे नुसती ओलच. डॉट-3 आणि डॉट-4 हे ब्रेक ऑइलचे प्रकार. डॉट-3 चं नवं ऑइल 205 अंशांच्या वर उकळतं, पण तेच ओल धरलेलं असलं की 140 च्या आसपास. डॉट-4 चं 230 वरून 155 च्या आसपास येतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल जमिनीला टेकतं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, गाडी कितीही कमी चाललेली असो. गाडी पुसून चकचकीत ठेवणारे पुष्कळ असतात, हे झाकण उघडून बघणारा विरळाच.

आता पेट्रोल. इंजेक्शनची गाडी, म्हणजे जिच्यात कॉम्प्युटर मोजून इंधन सोडतो ती, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कॉम्प्युटर इंधनच बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून ते जाळावंच लागतं, छोट्या गाडीला ताशी अर्धा-पाऊण लीटर. म्हणजे भावजी वाचवत नव्हते, उलट जाळत होते. आराम-बिराम म्हणाल तर तीन-साडेतीन हजार आरपीएमला पेट्रोल इंजिनाचं काही बिघडत नाही. ज्या गिअरमध्ये तो घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक दाबा, वेग मोडा, सोडा. त्यावर पाय टेकवून बसू नका.

काही जण तर इंजिनच बंद करतात. त्यांना काय सांगू? ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पेडल दगड होतं, स्टिअरिंग जड होतं, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉकसुद्धा होऊ शकतं.

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला न्यूट्रलवर थोडं पेट्रोल वाचायचं, हे कबूल. भावजी त्याच गाडीवर शिकले. अगदी मंद, सरळ उतारावर आजही थोडं वाचेल, पण तो घाट नव्हे. ऑटोमॅटिक असेल तर एल (म्हणजे लो, खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा, आपोआप सगळं होईल असं समजू नका.

सर्व्हिसिंगचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे, तो बघा.

भावजी अजून म्हणतात, गाडीत माणसं जास्त होती म्हणून झालं. भावजी, वाचत असाल तर ऐका: माणसं पाच होती, गाडी पाच माणसांचीच होती.