बेदाणा कारखान्याचे सामाजिक ऑडिट: रजिस्टर नव्याने लिहून घ्यावे का?

तासगावजवळच्या आपल्या बेदाणा प्रतवारीच्या कारखान्याला युरोपातील खरेदीदाराने चार स्तंभांचे स्मेटा ऑडिट (माल पुरवणाऱ्या कारखान्यातील कामगारांची स्थिती व कामकाज तपासण्याची एक पद्धत) करून घ्यायला सांगितले आहे, आणि एक सल्लागार मागील वर्षभराची हजेरी नव्याने लिहून द्यायला तयार आहे. त्याला काम द्यावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते देऊ नये. नीतीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हा व्यवहार आतबट्ट्याचाच आहे.

स्मेटा हे पास-नापास ठरवणारे प्रमाणपत्र नव्हे. कामगार, सुरक्षा, पर्यावरण आणि व्यावसायिक सचोटी या चार बाबींतील त्रुटी त्यात नोंदवल्या जातात व दुरुस्तीला मुदत मिळते. हंगामातले जादा तास खरेपणाने दाखवले, तर ती सुधारता येणारी त्रुटी ठरते; बनावट हजेरी सापडली, तर तुमच्या बाकीच्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. आणि ती सापडण्याची शक्यता मोठी असते, कारण ऑडिटर हजेरीपत्रकाशेजारी वजनचिठ्ठ्या, गेटवरचे आवक-जावक रजिस्टर आणि वीजबिल ठेवून तारखा जुळवतो, मग मालक व मुकादम समोर नसताना बेदाणा निवडणाऱ्या बायकांशी बोलतो. सगळ्याजणींनी एकाच शब्दांत उत्तरे दिली, तर त्याचा संशय उलट वाढतो.

खरी मेहनत घ्यायची ती मुकादमाच्या वहीवर. आपल्याकडे निवडीच्या बायकांना बहुधा किलोवर मजुरी मिळते, तिचा हिशेब मुकादमाच्या खिशातल्या वहीत असतो आणि उचल वळती करून उरलेली रक्कम त्याच्याच हातून वाटली जाते. किलोचा दर काहीही असो, कामाच्या तासांच्या हिशेबाने पडणारी मजुरी किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये, आणि कंत्राटदाराने पैसे थकवले तर जबाबदारी मूळ मालकावर येते. त्यामुळे किलोबरोबर येण्या-जाण्याची वेळही आजपासून लिहायला लावा, आणि मजुरी प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात जमा करा.

गंधकाच्या धुरीच्या खोलीत कापडी मास्क निरुपयोगी असतो. गंधक जळून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसाठी आम्लवायूचे कार्ट्रिज (वायू शोषणारी डबी) असलेला मास्कच लागतो. युरोपीय मानकात त्या कार्ट्रिजवरचा रंगाचा पट्टा पिवळा असतो. धुण्याचे पाणी कोठे जाते आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र चालू आहे का, हेही पाहून ठेवा.

कागद चोख असूनही माणसे मरतात, हे कराचीत दिसले आहे. सप्टेंबर 2012 मध्ये तिथल्या तयार कपड्यांच्या कारखान्याच्या आगीत 250 हून अधिक कामगार गेले, आणि त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच एसए 8000 हे कामगारांच्या हक्कांबाबतचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. निवडीच्या हॉलच्या मागच्या दारापुढे क्रेट रचले असतील, तर सल्लागाराला फोन करण्याआधी ते हलवा, आणि काम चालू असताना त्या दाराला कुलूप राहणार नाही याची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी द्या.