साठ पानं आणि बोटभर ग्लेझ

प्रश्न : मी सिरॅमिक्समध्ये पीएच.डी. करतेय. गावच्या भातगिरणीतल्या तुसाच्या राखेपासून ग्लेझ (मातीच्या भांड्यांवरचा काचेसारखा लेप) बनवते. १६० टेस्ट टाइल (ग्लेझ तपासायचे मातीचे छोटे तुकडे) झाल्या. गाइड म्हणतात, ‘यात थिअरी कुठाय?’ म्हणून सौंदर्यशास्त्रावर चाळीस पानं लिहिली, पण ती माझी मलाच परकी वाटतात. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ती पानं तूर्त कपाटात ठेवा. मीही हाच उद्योग केला होता. व्हायवाला परीक्षकांनी माझा वाडगा उलटा केला आणि विचारलं, ‘ग्लेझ वाडग्याच्या बुडापासून बोटभर वर थांबलंय. का?’ माझ्या साठ पानी ‘सैद्धांतिक’ प्रकरणात त्याचं उत्तर नव्हतं. खरं तर मला ते ठाऊक होतं. लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं, इतकंच.

तुसाच्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका. ती एकटी १२५० अंशांनाही वितळत नाही; फेल्स्पार (एक खनिज), खडूची पूड किंवा लाकडाची राख घालावी लागते. प्रमाण जमलं की दुधाळ झाक येते. जपानमध्ये कारात्सूचे कुंभार पेंढ्याच्या राखेतून असंच दुधाळ ग्लेझ काढतात. तुमच्या कुठल्या टाइलवर ती झाक आली, कुठल्यावर नाही? राख धुतली होती की तशीच वापरली? धुताना विरघळणारे क्षार निघून जातात, म्हणजे वितळणंही बदलतं. तुमची थिअरी इथून सुरू होते. कारात्सूचा इतिहास वाचायचा तोही या प्रश्नासाठी, प्रकरण भरायला नव्हे.

गाइडशी वाद घालू नका. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे ख्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ साली कलेविषयीचं, कलेतून होणारं आणि कलेसाठीचं अशा तीन संशोधनवाटा मांडल्या. साहित्यद्रव्यांवरचं काम त्यांनी दुसऱ्या वाटेत धरलंय. तो निबंध गाइडच्या टेबलावर ठेवा, चहा घ्या, मग बोला.

आणि एक सवय लावून घ्या. भट्टी लावण्याआधी प्रत्येक टाइलचं काय होईल आणि का, ते वहीत दोन ओळींत लिहा. भट्टी उघडल्यावर शेजारी झालं ते लिहा. अंदाज चुकला तिथे पान दुमडा. दुमडलेली पानं हाच तुमच्या दुसऱ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा.

फसलेल्या टाइल फेकल्या नाहीत ना? फेकल्या असतील तर आजच उकिरड्यावरून वेचून आणा. पाठीवर नंबर घातले असतीलच.