चुलीचं नंतर बघू, आधी पॉलिसी परत करा

प्रश्न : आम्ही जळगावला दोघंच राहतो. यजमान ६१ वर्षांचे, गेल्या वर्षी खासगी कंपनीतून निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे २२ लाख मिळाले, पेन्शन २,८०० रुपये. घरखर्च महिन्याला १८ हजार. प्रदर्शनात सूर्यचूल पाहिली. पेटी ७ हजारांची, आरशांची मोठी डिश १८ हजारांची. शिर्डीच्या सौर स्वयंपाकघराचे फोटो दाखवून विक्रेता म्हणाला, वर्षाला २४ हजारांचा गॅस वाचेल. वर्षाला आम्हाला ७ सिलिंडर लागतात. बँकेतल्या साहेबांनी दिलेल्या पेन्शन योजनेचा हप्ता २ लाख आहे, १० वर्षं भरायचा आणि १५ व्या वर्षी ३५ लाख मिळणार. गॅसचे वाचलेले पैसे हप्त्याला लावू. पॉलिसीची कागदं १९ दिवसांपूर्वी आली. पेटी घेऊ की डिश?

उत्तर : ताई, तुमचं पत्र येऊन पाच दिवस झाले, म्हणजे आज २४ वा दिवस. कागदं हातात पडल्यापासून ३० दिवसांत अशी आयुर्विमा पॉलिसी परत करता येते. नंतर सोडायची म्हटलं तर भरलेल्या पैशातला मोठा भाग जातो. अर्जावर सही यजमानांची लागेल. विमा कंपनीच्या शाखेत मूळ पॉलिसी देऊन अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. ‘साहेबांना सांगून ठेवलंय’ म्हणजे अर्ज नव्हे. झालेल्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी पैसे परत मिळतात.

ही पेन्शन योजना नाहीच. पेन्शन महिन्याला हातात येते; इथे तुम्ही १० वर्षं देत राहणार आणि यजमान ७६ चे होईपर्यंत वाट बघणार. २० लाखांचे ३५ लाख ऐकायला मोठे वाटतात, पण एवढ्या वर्षांत ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतात. शिवाय २२ लाखांतले २० लाख हप्त्यांत अडकले तर रोजचा खर्च कशातून करणार? ज्या घरात पगार थांबलाय तिथे १० वर्षांचा हप्ता गळ्यात घालणं मला अजिबात पटत नाही. त्या साहेबांना तुमची जमा रक्कम दिसत होती, वयही दिसत होतं.

खात्यात राहिलेले २० लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत यजमानांच्या नावे ठेवा. सध्या ८.२ टक्के व्याज आहे. दर तिमाहीला ४१ हजार, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर. पेन्शन धरून साडेसोळा हजार होतात. पॉलिसीचे परत आलेले पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवा, अडीअडचणीला आणि महिन्याच्या दीड हजारांच्या तुटीला.

आता चूल. ७ सिलिंडर म्हणजे ९०० च्या भावाने जेमतेम ६,३०० रुपये. तुमचा अख्खा गॅसच एवढ्याचा, मग २४ हजार वाचणार कुठून? शिर्डीला २००९ मध्ये ७३ मोठ्या डिश बसवल्या, त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचं जेवण शिजतं. तो हिशेब दोन माणसांच्या ओट्याला लागत नाही.

पेटीत वरण, भात, बटाटे, उसळ दोन-तीन तासांत छान होतं, शेंगदाणेही खमंग भाजतात. पोळी आणि फोडणी गॅसवरच. डाळ-भात तुम्ही प्रेशर कुकरला लावत असाल तर त्यात मुळातच गॅस कमी जातो. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्या. वर्षाला दीड-दोन हजार वाचतील, पेटीचे पैसे चार-पाच वर्षांत निघतील. रोज वापरली तरच, बरं का. डिशवर तळण होतं, पण उन्हात उभं राहावं लागतं आणि आरशाची तिरीप डोळ्यांवर येते. दोघांसाठी ती नकोच.

गच्चीवर दहा ते दोन सावली पडत नसेल आणि जिने चढायला गुडघे तयार असतील, तर पाऊस संपल्यावर पेटी रोख पैसे देऊन घ्या. पण पॉलिसीच्या अर्जावर शिक्का बसल्यानंतरच.