१०८वा की १२९वा?

प्रश्न : स्त्री-पुरुष समानतेत २०२४ साली संयुक्त राष्ट्रांच्या यादीत भारत १०८वा, तर जागतिक आर्थिक मंचाच्या यादीत १२९वा. खरं काय? आमच्या ग्रामपंचायतीत निम्म्या बायका आहेत, त्या कुठे धरतात?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दोन्ही खरे, मापं वेगळी. मंच फक्त दरी मोजतो. १ म्हणजे बरोबरी. मुलगे-मुली सारख्याच कमी शिकल्या तरी शिक्षणाचे गुण पूर्ण! श्रीमंत देशांना मागे टाकून रवांडा २०२२ साली सहावा आला तो यामुळेच. तिथल्या संसदेत बायका निम्म्याहून जास्त. संयुक्त राष्ट्रांच्या निर्देशांकात उलट, ० चांगला. त्यात बाळंतपणातले मृत्यूही येतात, म्हणून दवाखाने सुधारले की तो आकडा हलतो.

पंचायत मंचाच्या हिशेबात नाही. कर्नाटकात पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण असलं, तरी मंच बघतो संसद, मंत्री आणि देशाचं सर्वोच्च पद. २०२४ च्या लोकसभेत ७४ महिला निवडून आल्या. इथे बरेच जण ७४ ला ५४३ ने भागतात. भागायचं पुरुषांच्या संख्येने : ७४ ÷ ४६९ = ०.१५८.

प्रश्न : बचत गटातर्फे गावाचा असा आकडा काढायचा आहे. चूक कुठे होते?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : साक्षरता सोपी. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात पुरुष ८२.२ टक्के, स्त्रिया ६४.६, भागाकार ०.७८६. एखाद्या बाबतीत मुली पुढे असल्या तर १ वर थांबा, नाहीतर शाळेतली आघाडी मजुरीतली पिछाडी झाकते.

चुकतं ते कामात. ‘काय काम करता?’ विचारलं की उत्तर येतं, ‘काही नाही, घरीच असते.’ त्याऐवजी विचारा : गेल्या सात दिवसांत उसात भांगलण केली? विड्या वळल्या? डेअरीला दूध घातलं? एकाला जरी ‘हो’ आलं तरी ती कामकरी. विचारायचं बाईलाच, कट्ट्यावरच्या सासऱ्यांना नव्हे. स्वयंपाक-धुण्याचा रकाना वेगळा, मिनिटांत. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची ९७.

जन्मणाऱ्या मुली आणि मुलगे यांचं प्रमाण एका वर्षावरून काढू नका. वीस जन्मांत १०:१० चं ९:११ झालं की आकडा १ वरून थेट ०.८२ वर येतो. पाच वर्षांचे जन्म एकत्र धरा, आणि तुलना १ शी नको, मंच वापरतो त्या ०.९४४ शी करा. निसर्गतःच मुलगे थोडे जास्त जन्मतात.