पाच राउंड झाले, आणि मग फोनच नाही

"मुलाखतीचे पाच राउंड दिले. एचआर म्हणाल्या सोमवारी कळवते, त्याला तीन आठवडे झाले. माझ्यात काय कमी आहे, एवढं तरी कळू दे." हिंजवडीत नोकरी करणाऱ्या, जावा-स्प्रिंग बूटवर (सॉफ्टवेअर लिहायची भाषा आणि तिची साधनं) सहा वर्षं काम केलेल्या एका तरुणाचं हे म्हणणं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) चार महिन्यांत अकरा कंपन्या झाल्या होत्या. झोप उडाली होती, घरात कुणी "काय झालं रे?" विचारलं तरी तो चिडायचा.

आधी त्याला अकराही कंपन्या वहीत लिहायला सांगितलं. गाडी नेमकी कुठे अडली? चार ठिकाणी पहिल्याच फोनवर, राजीनाम्यानंतरचा ९० दिवसांचा नोटिस पिरियड ऐकून. दोन ठिकाणी ऑनलाइन टेस्टमध्ये, तीन ठिकाणी लाइव्ह कोडिंगमध्ये, म्हणजे मुलाखत घेणाऱ्यासमोर कोड लिहिताना. दोन ठिकाणी सगळे राउंड होऊन नुसती शांतता. म्हणजे अकरापैकी सहा नकारांचा त्याच्या कोडिंगशी संबंधच दिसत नव्हता.

लाइव्ह कोडिंगचं दुखणं मात्र खरं होतं. घरी वीस मिनिटांत सुटणारा प्रश्न तिथे सुटत नव्हता, कारण प्रश्न ऐकताच तो गप्प होऊन टाइप करू लागायचा. विचार कुठे चाललाय हे कळल्याशिवाय समोरचा हिंट तरी कशी देणार? म्हणून आठवड्यातून तीनदा सराव ठरला. ४५ मिनिटांचा टायमर, ऑटोकम्प्लीट (कोड आपोआप पुरा करून देणारी सोय) बंद, मोबाइलवर रेकॉर्डिंग. पहिली पाच मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे: इनपुट किती मोठं, रिकामं असू शकतं का, डुप्लिकेट चालतात का? मग एक उदाहरण हातानं सोडवायचं, साधी ब्रूट फोर्स पद्धत (सगळे पर्याय तपासून पाहायची) आणि तिची कॉम्प्लेक्सिटी (इनपुट वाढलं की काम किती वाढतं) बोलून दाखवायची, त्यानंतरच कोड. शेवटची सात मिनिटं एज केसेससाठी, म्हणजे रिकाम्या इनपुटसारख्या टोकाच्या शक्यतांसाठी, राखायची. पहिलं रेकॉर्डिंग ऐकणं त्याला फार जड गेलं, पण अडचण त्यातूनच त्याची त्याला उमगली.

नोटिस पिरियड पहिल्याच फोनवर सांगायचा आणि बायआउट (उरलेल्या नोटिसचे पैसे भरून लवकर सुटका) देणार का, राउंड किती, बजेट काय, हेही तेव्हाच विचारायचं. "सर्व्हिंग नोटिस (राजीनामा देऊन नोटिस पिरियड चालू) असलं की कॉल जास्त येतात" म्हणून तो राजीनामा द्यायला निघाला होता. डोक्यावर घराचा हप्ता असताना, हातात ऑफर लेटर नसताना हे करू नये.

राहिली शांतता. ओपनिंग गोठतं, बजेट अडतं, आतलाच कुणी निवडला जातो. बाहेर कुणी सांगत नाही. पाच कामाच्या दिवसांनी एक मेल, त्यानंतर आठवड्यानं दुसरा, आणि मग वहीत ती ओळ खोडायची.

बाराव्या कंपनीनं शनिवार-रविवारात अख्खं ॲप करून मागितलं. "मी चार तास देऊ शकतो, त्यात काय पाहायला आवडेल?" असं त्यानं विचारलं. दोन एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमनं वापरायचे कोडचे छोटे भाग) आणि त्यांच्या टेस्ट पुरे, असं उत्तर आलं.